बेचाळिसाव्या आकड्यानंतर

मी बारावीला गणित शिकवते. एकवीस वर्षं झाली. भुतं, अंगात येणं, लिंबू-मिरची... या सगळ्याला मी वर्गात आणि घरात सारखीच हसत आलेय. इथं तुम्ही लिहिता ते अनुभव मी नेमानं वाचते, पण खरं सांगायचं तर उलटतपासणी घ्यायलाच वाचते. दिवा कुठं होता, खिडकी उघडी होती का, माणूस किती वेळ जागा होता, असं. तेव्हा आता माझी घ्या. माझी काही हरकत नाही. कोणी चूक काढून दाखवलीत तर मी तुमचे पाय धरीन.

आधी थोडी ओळख देते. आम्ही तंजावूरचे मराठी. राजवाड्याच्या पश्चिमेकडच्या बोळात सात नंबरचं घर. अप्पा, माझे वडील, ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत होते, ते जाऊन नऊ वर्षं झाली. आमच्या घरात मराठी बोलतात, पण लिहीत कोणी नाही. यादी लिहायची तर तमिळमध्ये, पत्र लिहायचं तर इंग्रजीत. मराठी फक्त तोंडात. मी देवनागरी शिकले ती लग्न होऊन पुण्याला गेल्यावर. अकरा वर्षं तिथं काढली, मग नवऱ्याची बदली चेन्नईला झाली आणि मी अम्माजवळ येऊन राहिले. त्यामुळं माझ्या मराठीत पुणं आणि तंजावूर दोन्ही मिसळलंय. सांभाळून घ्या.

मुरली माझा भाऊ, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. तो दहावीत असताना आत्याच्या मुलानं अमेरिकेहून एक ग्राफिंग कॅल्क्युलेटर आणला. वहीच्या निम्म्या आकाराचा, जाडजूड, आलेख काढणारा, आणि आत छोटे छोटे प्रोग्राम लिहिता येतील असा. दोन दिवस मुरलीनं आलेख काढले. तिसऱ्या दिवशी त्याला प्रोग्रामचं बटण सापडलं आणि आमच्या घरात गुप्त लिपीचं पर्व सुरू झालं.

पहिली लिपी अगदी बाळबोध होती. इंग्रजी अक्षरांना आकडे द्यायचे, ए म्हणजे एक, बी म्हणजे दोन, आणि प्रत्येकात सात मिळवायचे. सातच का, तर घराचा नंबर सात. आकड्यांची ती रांग कॅल्क्युलेटरच्या लिस्टमध्ये ठेवायची आणि गुपचूप दुसऱ्याच्या हातात द्यायची. पुढं आमची मजल शब्दांच्या चाव्यांपर्यंत आणि मॅट्रिक्सपर्यंत गेली. तो लिपी बनवायचा, मी ती फोडणारा प्रोग्राम लिहायचे. माझा पहिला प्रोग्राम एक ते पंचवीस, प्रत्येक आकडा वजा करून बघायचा आणि ज्या ओळीत THE, AND किंवा ING सापडेल तेवढीच ओळ दाखवायचा. एकही सापडली नाही तर पडद्यावर यायचं—JUNK. कचरा. मला त्या प्रोग्रामचा फार अभिमान होता हो.

नियम एकच. चावी मागायची नाही. मागितली की हरलात.

हा खेळ आम्ही वाढवला त्याला कारण अम्मा. मुरलीला अम्मासमोर 'नाही' म्हणणं जन्मात जमलं नाही. ती समोर उभी राहिली की याची मान आपोआप हो म्हणून हलायची. मग आमच्या घरात 'नाही' म्हणायचं खातं माझ्याकडं आलं. तो कॅल्क्युलेटर माझ्या मांडीवर टाकायचा, मी फोडायचे, आणि स्वयंपाकघरात जाऊन सांगायचे, "अम्मा, मुरलीस त्या कॉलेजात जायचं नाही." मोठेपणी अशी तीन स्थळं मी मोडली. अम्माला ताकास तूर लागू दिली नाही. ती मलाच म्हणायची, "तूंच त्यास बिघडवलंस."

मागच्या वर्षी मुरली चेन्नईची नोकरी सोडून घरी आला. घशात गाठ होती. आधी आवाज बसला, मग नुसती कुजबूज राहिली, मग तीही गेली. इथल्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. ऑपरेशनमध्ये धोका मोठा आहे. नाही केलं तर काही महिने, तेही घरी, बऱ्यापैकी. तुम्ही घरच्यांनी ठरवा, म्हणाले. अम्मा म्हणाली, करायचं. मीही म्हटलं, करायचं. मुरलीनं मान हलवली आणि सही केली. हे वाक्य मी किती सहज लिहिलं बघा... तेव्हाही ते तितकंच सहज झालं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी हॉस्पिटलला गेले. नातेवाइकांचे फोन येत होते म्हणून मुरलीचा मोबाइल दिवसभर अम्माच्या हातात असायचा. तिच्याशी तो पाटीवर लिहून बोलायचा, तमिळमध्ये. मी गेले तेव्हा अम्मा चूळ भरायला बाहेर गेली होती. मुरलीनं उशीखालून कॅल्क्युलेटर काढून माझ्या हातात दिला. तो अजून त्याच्याकडं होता हेच मला माहीत नव्हतं. मला हसू आलं. म्हटलं, "तूं शुद्धीवर यायच्या आत फोडते बघ." त्यानं माझं मनगट धरलं आणि सोडेचना. मला वाटलं, घाबरलाय. मी त्याच्या हातावर थोपटलं. तेवढ्यात अम्मा आली आणि त्यानं हात सोडला.

घरी येऊन मी आकडे वहीत उतरवले. कागदावर मांडल्याशिवाय मला सुचत नाही. बेचाळीस आकडे होते. सुरुवात 8, 18, 18, 8. माझा जुना प्रोग्राम आत होताच. चालवला. दोन मिनिटांत उत्तर, JUNK. म्हणजे ही बाळबोध लिपी नाही, मी मनाशी म्हटलं, पठ्ठ्यानं काहीतरी अवघड केलंय. पहिल्या चार आकड्यांवरून शब्द NOON असणार असं धरून मी जेवणापर्यंत बसले. मग मॅट्रिक्स. मग हात टेकले. फोन करून विचारायचं डोक्यात आलं, पण विचारलं की हरले.

सकाळी ऑपरेशनला न्यायला आले, त्याला स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा अम्मानं त्याचा हात धरला होता. तो माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, "अजून थोडं राहिलंय रे. फोडतेच." त्यानं डोळे मिटले.

मुरली शुद्धीवर आला नाही. पाचव्या दिवशी गेला. हॉस्पिटलला मी दोष देत नाही. जे होऊ शकतं असं त्यांनी सांगितलं होतं, तेच झालं.

कॅल्क्युलेटर त्या संध्याकाळपासून माझ्याकडं होता, हे लक्षात ठेवा. नंतर त्याच्या हातात तो पुन्हा गेलाच नाही.

तिरुवैयारूला कावेरीत अस्थी सोडून आलो. तेराव्याला पाहुणे जेवून गेल्यावर मला घरात बसवेना, म्हणून मी वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन गच्चीवर गेले. दुपारचे चार वाजले असतील. लिस्ट उघडली. कॅल्क्युलेटर लिस्टची लांबी सांगतो. ती होती पंचावन्न.

मला वाटलं, उतरवताना माझ्याकडूनच तेरा राहिले. पण वहीत शेवटच्या आकड्याखाली मी रेघ मारली होती आणि शेजारी 42 लिहून गोल केला होता. शाळेत मी मुलांना हेच शिकवते, मोजा आणि लिहा. तरी स्वतःवर खापर फोडलं, नवे तेरा उतरवले, शेजारी तमिळमध्ये 'तेरावा दिवस' लिहिलं. प्रोग्राम चालवला. JUNK.

महिन्याच्या श्राद्धाला लांबी सहासष्ट होती.

आता उतरवण्यातली चूक म्हणून भागेना. घरात मी आणि अम्मा दोघीच. अम्माला टीव्हीचा रिमोट धड येत नाही. मी आमच्या शाळेतल्या फिजिक्सच्या सरांना विचारलं, कोणाचं काय ते न सांगता. ते म्हणाले, पंचवीस वर्षांचं यंत्र आहे मॅडम, मेमरी करप्ट होत असेल, वाट्टेल ते आकडे येतील. मला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. घरी येऊन मी त्यातले चारही सेल काढले आणि स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये टाकले. आत एक बारकी गोल बॅटरी असते, ती मेमरी जपते, पण बटण दाबून काही लिहायचं तर हे चार सेल लागतातच. मग कॅल्क्युलेटर बीरोत, म्हणजे लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली कंबरेला खोचली. पंधरा दिवसांनी सेल घालून बघितलं. पंचाहत्तर.

ते नऊ आकडेही उतरवले. दिवस लिहिला. आणि रडले. भीती म्हणून नाही, हे कोणाला खोटं वाटेल, पण भीती नव्हतीच. मला एवढंच वाटत होतं, की हा काहीतरी सांगतोय आणि मी, एवढी शहाणी, मला ते वाचता येत नाही. चावी मागायला तो आहे कुठं आता.

यंदाच्या पोंगलनंतरची, म्हणजे संक्रांतीनंतरची गोष्ट. दुपारी अम्मा स्वयंपाकघरात शेवग्याचा पाला निवडत बसली होती. मी तिच्यासमोर वही घेऊन. सगळे उपाय संपले होते, म्हणून वेड्यासारखी पहिल्या पायरीवर परत आले होते. प्रोग्राममधली कचरा गाळणारी ओळ काढून टाकली. आता तो पंचवीसच्या पंचवीस ओळी दाखवणार होता, अर्थ असो नसो. मी एकेक ओळ पुटपुटत होते.

"काय जपतेस गं?" अम्मा म्हणाली.

"मुरलीनं आकडे देऊन ठेवलेत. फुटत नाहीत. नुसता कचरा येतोय."

"मोठ्यानं वाच की. त्याचा आवाज तर गेला. तूं तरी वाच."

तिला बरं वाटेल म्हणून मी वाचू लागले. फप्पफ... इओओइ... अम्मा हसली सुद्धा. मुरली गेल्यापासून पहिल्यांदा. "लहानपणीं बोबडं बोले तसंच आहे," म्हणाली. मीही हसत, पहिलीतलं पोर वाचतं तसं, एकेक अक्षर जोडत सातव्या ओळीला आले. AKKAMAJKAPUDEUNAKO...

अम्माचा पाल्यातला हात थांबला. मला अजूनही कळलं नव्हतं, शपथेवर सांगते. तिला कळलं.

"अक्का, मज कापूं देऊं नको," ती म्हणाली. सावकाश, नीट तोडून. "पुढं?"

 ओळ डोळ्यांसमोर आपोआप सुटत गेली. अक्का, मज कापूं देऊं नको. तूंच सांग. अम्मास कळूं देऊं नको.

बेचाळीस आकडे. सर्वांत सोपी लिपी, आमची पहिली, सातची. त्यानं काहीच अवघड केलं नव्हतं. घाई होती ना त्याला. आणि घाईत माणूस जे बोलतो तेच त्यानं लिहिलं, घरचं मराठी. माझ्या प्रोग्रामनं त्याच संध्याकाळी, पहिल्या दोन मिनिटांत, ही ओळ बरोबर काढली होती. त्यात THE नव्हतं, AND नव्हतं, म्हणून फेकून दिली. त्या प्रोग्रामला मराठी मी शिकवलंच नव्हतं. कसं शिकवणार? मराठी लिहितात हे मला पुण्यात कळलं, पण ते पुण्याचं मराठी. आमचं घरचं मराठी लिहायची चीजच नव्हती. 8, 18, 18, 8. चाळीस वर्षं त्यानं मला ज्या नावानं हाक मारली ते नाव. तो पत्रातसुद्धा डियर गीता लिहायचा. ते नाव मी कधी लिहिलेलं पाहिलं नव्हतं आणि पाहिलं तेव्हा NOON शोधत बसले.

अम्मा परत पाला निवडू लागली. देठ टोपल्यात आणि पानं जमिनीवर टाकत होती, तिचं तिला भान नव्हतं. मग म्हणाली, "कळूं देऊं नको म्हणालाय. मज कळलं नाही असंच समज."

मी वही मिटायला गेले तर तिनं बोट ठेवलं. "खालीं आणिक आहे."

खालचे आकडेही त्याच ओळीत सुटले होते. मी वाचले. न वाचून करणार काय? तेराव्याचे तेरा: अक्का, वाचलंस का. महिन्याच्या दिवसाचे अकरा: अक्का, वेळ नाही. त्यानंतरचे नऊ: सकाळ होते.

अम्माला तमिळ वाचता येतं. शेजारी मी लिहिलेले दिवस तिनं वाचले. पुन्हा पुन्हा वाचले. मी तिला मेमरी, सेल, बीरो, सगळं सांगू लागले, फिजिक्सच्या सरांचंही सांगितलं. तिनं मला हातानं गप्प केलं.

"तो अजून तेथेंच आहे," ती म्हणाली. "त्याच खाटेवर. त्याची सकाळ अजून झाली नाही. तूं उत्तर दे."

"काय देऊ?"

"अम्मा नको म्हणाली, असं सांग त्यास. तूं नव्हे. अम्माच म्हणाली म्हणून सांग."

मी गणिताची बाई. मेलेल्या माणसाला निरोप धाडायला बसले. दुसऱ्या लिस्टमध्ये, सात मिळवून, एकेक आकडा: मुरली, अम्मा नको म्हणाली. दोनदा चुकले, पुसून पुन्हा टाकले. अम्मा शेजारी बसून प्रत्येक बटणाकडं बघत होती. झाल्यावर तिनं विचारलं, "गेलं का?" मी काय सांगणार, हे कुठं जात नाही, इथंच राहतं, अम्मा. मी म्हटलं, "गेलं."

त्या दिवसापासून रोज दुपारी जेवण झालं की अम्मा विचारायची, "आज कांहीं आलं का?" मी बीरो उघडायचे, लांबी बघायचे. पंचाहत्तर. पंचाहत्तर. असे बारा दिवस. ती अन्न चिवडून उठायची.

तेराव्या दिवशी चौऱ्याऐंशी.

नऊ आकडे. आता फोडायला प्रोग्राम लागत नव्हता, सात वजा करत मी उभ्याउभ्याच वाचले. मी बीरोला टेकून खाली बसले. पाठीमागं दारात अम्मा उभी होती.

"काय म्हणतो?"

"बरं म्हणतो, अम्मा. बरं, एवढंच."

तिनं डोळे पुसले, देवाकडं जाऊन आली, आणि पहिल्यांदाच भात मागून घेऊन जेवली. लिस्ट त्यानंतर वाढलेली नाही. मी रोज बघते. चौऱ्याऐंशीच.

आता घ्या उलटतपासणी. झोपेत मीच आकडे टाकले म्हणाल, तर त्या पंचाहत्तरांपैकी एकाचाही अर्थ मला तोवर ठाऊक नव्हता. मेमरी बिघडली म्हणाल, तर बिघडलेली मेमरी मराठी बोलते का? वहीतलं अक्षर माझंच आहे, म्हणजे पुरावा म्हणून तेही शून्य. हे सगळं माझं स्वतःशी करून झालंय. उत्तर नाही. आमचा निरोप त्याला पोचला की नाही, पोचला असेल तर किती उशिरा, हेही मला कधी कळणार नाही.

शेवटचे नऊ आकडे काय होते ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. इथं लिहिते, कारण अम्माला देवनागरी वाचता येत नाही.

आले न्यायला.